न पुसायची काच

त्या दिवशी पहाटे साडेचारला बाबा उठले तेव्हा आईनं त्यांना विचारलं, डबा आत्ता भरू की थांबू. ते म्हणाले, भर की, रोज काय विचारतेस. एवढंच बोलणं झालं. पुढं कितीतरी दिवस लेक ते बोलणं उलटसुलट करून पाहत राहिली, त्यात काही वेगळं होतं का ते शोधत राहिली. काही नव्हतं. रोजच्यासारखंच होतं.

दिवस कोरडे चालले होते. चार महिन्यांत आभाळातून थेंब पडला नव्हता आणि वारा मोकाट सुटला होता. तो माती उचलून आणायचा आणि वाटेत येईल त्याच्यावर टाकून पुढं जायचा: दोरीवरच्या कपड्यांवर, झाकलेल्या हंड्यांवर, माणसांच्या पापण्यांवर, आणि माळावर ओळीनं तिरक्या उभ्या केलेल्या तीस हजार काचांवर. त्या काचांवर ऊन पडायचं आणि त्याची वीज व्हायची. काचा धुणं हे बाबांचं काम. अकरा वर्षं ते तेच करत होते. माळावर पहिले खांब पुरले तेव्हा ते खड्डे खणायला गेले होते. खांब उभे राहिले, काचा चढल्या, खणणारे घरी गेले आणि बाबा धुणाऱ्यांत राहिले. लेक त्याच प्रकल्पात तंत्रज्ञ होती. जोडण्या तपासायची, जळालेले फ्यूज बदलायची, आणि कुठली रांग किती वीज देते ते आत कचेरीतल्या पडद्यावर बघायची. ते शिक्षण घ्यायला तिला बाबांनीच पाठवलं होतं. धुणारे पुष्कळ आहेत, म्हणाले होते, तू बघणारी हो.

मोटरसायकल ती चालवायची. बाबा मागं बसायचे, हातात लांब दांड्याचा ब्रश उभा धरून. ब्रश कंपनीचा, पण ते तो रोज घरी न्यायचे, कारण तिथं ठेवला तर दुसरे वापरतात आणि केस वाकडे करून ठेवतात. झेंडा घेऊन निघालेत, असं रस्त्यावरची माणसं हसून म्हणायची. बाबांना ते आवडायचं. ते आणखी ताठ बसायचे.

फाटकापाशी मात्र ते उतरायचे आणि चालत आत जायचे. "चला मॅडम," म्हणायचे, "कामाला लागू." ती नोकरीला लागली त्या पहिल्या दिवशी ते थट्टेनं तसं म्हणाले होते. सगळे हसले होते. मग थट्टा संपली आणि मॅडम राहिलं. ती त्यांना तिथं कशानंच हाक मारायची नाही. पाणी सोडलं का, असं हवेत विचारायची आणि बाबा उत्तर द्यायचे. बरोबरचे धुणारे बाबांना चकाचक म्हणत, कारण एकेक ओळ संपली की ते ब्रश खांद्यावर टाकून म्हणायचे, झालं चकाचक. आठ धुणाऱ्यांत पाच बाया होत्या. त्यांच्यातली जी सगळ्यांना कामाला लावायची, घोगऱ्या आवाजाची, तिला थोरली म्हणत.

धुणं ऊन चढायच्या आत संपवावं लागतं. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर काच तडकते. म्हणून अंधार फिटायच्या बेताला पाइप सुटायचे. टँकर आला की बाबा आधी बोटावर पाणी घेऊन जिभेला लावायचे. खारं असलं तर तोंड वाकडं करून म्हणायचे, हे वाळलं की पांढरे डाग पडणार, आज फडक्यानं कोरडं करायला लागेल. आणि करायचे. वरून खाली ब्रश ओढायचे, पाणी सोडायचे, आणि शेवटी अंगठ्यावर फडकं गुंडाळून काचेची खालची कड पुसायचे, जिथं चिखल साचून राहतो. कड कोणी पुसत नसे. थोरली म्हणायची, चकाचकदादा, तुमच्या अंगठ्याला कंपनी वेगळा पगार देते का. ते म्हणायचे, अंगठा माझा आहे, कंपनीचा नाही.

त्या सकाळी सातच्या सुमाराला ती कचेरीमागच्या स्टँडपाशी आली. दीड महिन्यापूर्वी तिथं दोन लहान काचा शेजारीशेजारी बसवल्या होत्या, पुस्तकाएवढ्या. एक तिनं रोज पुसायची. दुसरीला कधीच हात लावायचा नाही. पुसलेली काच किती वीज देते आणि धुळीनं माखलेली किती कमी देते, हे बाजूबाजूला दिसलं की धुण्याचा फायदा आकड्यात कळतो, असं ते साधं गणित होतं. पाणी महाग झालं होतं, वरच्या लोकांना विचारायचं होतं की दर आठवड्याला धुता ते कशासाठी. दुसऱ्या काचेवर लावायला 'हात लावू नये' असा पत्र्याचा बोर्ड आला होता. त्याचे दोन स्क्रू कमी होते म्हणून तिनं तो स्टोअरमध्ये ठेवला होता. स्क्रू आणायचे राहून गेले होते.

दीड महिना दोन्हींतल्या फरकाचा आकडा पाहून ती चक्रावली होती. दोन्ही काचा जवळजवळ सारखीच वीज देत होत्या. धूळ इतकी, की जेवताना दाताखाली येते, आणि वीज मोजणारं यंत्र म्हणत होतं की काचेवर ती बसतच नाही. तिनं तारा तपासल्या, यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आकडा तोच. चार दिवसांपूर्वी प्रकल्पाच्या साहेबांनी तो वर पाठवून दिला होता.

स्टँडपाशी बाबा उभे होते. बादलीत उरलेल्या पाण्यात फडकं बुडवून, पिळून, ते दुसरी काच पुसत होते. वरून खाली. मग अंगठ्यानं कड.

ती जागच्या जागी थांबली.

बाबांनी तिला पाहिलं आणि चोरी पकडल्यासारखे हसले. आजूबाजूला कोणी नव्हतं, म्हणून मॅडम म्हणाले नाहीत. "एक पुसतेस आणि शेजारची तशीच ठेवतेस," ते हळू आवाजात म्हणाले. "लहानपणापासून तुझं असंच. एक वेणी घालायची, एक लोंबकळती. साहेबानं बघितलं तर तुला बोलेल, म्हणून मी जाता जाता रोज पुसून टाकतो. तू नको काळजी करू."

तिनं तोंड उघडलं. रोज, हा शब्द तिच्या डोक्यात घण मारल्यासारखा वाजत होता. तेवढ्यात पलीकडून थोरलीनं पाइपसाठी हाक मारली आणि बाबा बादली उचलून गेले. डावा गमबूट टाचेला फाटला होता, म्हणून चालताना पाणी पचपच वाजायचं. तो आवाज दूर जाईपर्यंत ती उभी होती.

पुढची सगळी सकाळ ती सांगायचं ठरवत राहिली. साहेबांना सांगितलं तर ते विचारणार, बोर्ड कुठं होता. नोकरी पक्की व्हायला एक महिना राहिला होता. बाबांना सांगितलं तर त्यांना कळणार की दीड महिना ते स्वतःच्याच कामावर पाणी फिरवत होते, आणि तेही तिच्यासाठी. ती जोडण्यांचे खोके उघडत आणि बंद करत गेली. मनाशी म्हणाली, उद्यापासून मीच आधी येऊन बघेन, बाबांना म्हणेन ती काच माझ्यावर सोडा. आकडा आपोआप सरळ होईल. कोणाला काही सांगायलाच नको.

दुपारी साहेबांनी सगळ्यांना कचेरीच्या सावलीत बोलावलं. साहेब वयानं तिच्याएवढेच, बोलायला सभ्य. त्यांनी कागद वाचून दाखवला. यंत्रानं मोजलं आहे, धुण्यानं फारसा फरक पडत नाही असं दिसतं. आता महिन्यातून एकदा धुवायचं. त्याला दोघं पुरेत. उद्यापासून. दोन नावं वाचली, दोघंही तरुण. थोरलीचं नव्हतं. बाबांचं नव्हतं. थोरलीनं विचारलं, साहेब, आम्ही धूळ धुतो ती आमच्या अंगावर बसते, ती तरी यंत्राला दिसते का. कोणी हसलं नाही. साहेबांनी मान खाली घातली आणि म्हणाले, मी वरचं वाचून दाखवतो आहे.

ती दारात उभी होती. बाबांनी तिच्याकडे एकदा पाहिलं, जसं काही समजलं नाही तर माणूस शिकलेल्या पोराकडे बघतो. तिनं पडद्याकडे तोंड फिरवलं.

परत जाताना बाबांनी ब्रश कंपनीत ठेवला. मागं बसले तेव्हा हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ते मांडीवर ठेवले.

संध्याकाळी जेवताना आई म्हणाली, बरंच झालं, गुडघ्यांना आराम. बाबा हो म्हणाले. बोटं त्यांची पाण्यानं कायमची सुरकुतली होती, पांढरी, धुऊन टाकलेली. त्या बोटांनी ते ताटाची कड पुसत होते, अंगठ्यानं, नकळत. मग त्यांनी लेकीला विचारलं.

"खरंच काही फरक पडत नव्हता का गं?"

आवाजात तक्रार नव्हती. उन्हाळ्यात किती वाजता उजाडतं असं विचारावं तसं विचारलं.

ती म्हणाली, "यंत्रात तसंच आलंय, बाबा."

"शंभरात किती? एक तरी?"

"एकच्या आसपास."

त्यांनी ताट बाजूला सारलं. "मग यंत्राला काय म्हणणार," ते म्हणाले. "त्याला कुठं आपलं-परकं असतं." आणि उठून त्यांनी हात धुतले.

सकाळी साडेचारला ते उठले नाहीत. लेक चहा ठेवायला गेली तेव्हा आई हळूच म्हणाली, उठवू नको, झोपू दे, आज कुठं जायचंय. अकरा वर्षांत पहिल्यांदा झोपलेत. दोघी पावलं न वाजवता वावरल्या. आईनं तर भांड्याखाली फडकं ठेवलं, आवाज होऊ नये म्हणून. सहाला उजाडलं, सातला खिडकीतून ऊन त्यांच्या पायावर आलं, गुडघ्यावर आलं. तेव्हा आई त्यांना हलवायला गेली.

डॉक्टर म्हणाले, झोपेतच, पहाटेच कधीतरी. काही कळलंही नसेल.

अंघोळ घालताना लेकीनं त्यांची मान वर केली आणि तिला दिसलं की हनुवटीखालचा भाग कपाळापेक्षा काळा आहे. काचेवरून उलटं येणारं ऊन माणसाला खालून भाजतं. हे ती पुस्तकात शिकली नव्हती. शेजारच्या बाईला तो मळ वाटला, ती घासायला लागली. लेकीनं तिचा हात धरला. राहू दे, म्हणाली, तो जायचा नाही.

माणसं आली, बसली, गेली. थोरली आली ती कोपऱ्यात आईजवळ बसली. तिला अजून काम मिळालं नव्हतं. दोन ठिकाणी जाऊन आली होती, दोन्हीकडे वय विचारलं होतं. निघताना तिनं लेकीच्या पाठीवर हात ठेवला. "तुझा बाप कड पुसायचा," ती म्हणाली. "आम्ही हसायचो. यंत्राला ती कड तरी कशी दिसली नाही गं?" तिनं खरोखरच विचारलं होतं. तिला माहीत करून घ्यायचं होतं. लेक म्हणाली, जेवून जा. थोरली म्हणाली, नको, घरी वाट बघतात.

आठव्या दिवशी लेक कामावर गेली. मोटरसायकल मागून हलकी लागत होती. वळणावर ती दोनदा डगमगली. फाटकापाशी सवयीनं थांबली, कोणी उतरलं नाही, मग आत गेली.

सगळ्यांत आधी ती स्टँडपाशी गेली. दुसऱ्या काचेवर आठ दिवसांची धूळ होती. पातळ, सारखी पसरलेली, पिठासारखी. एका टोकाला, खालच्या कडेला, फडक्याच्या शेवटच्या फटकाऱ्याचा ओला माग वाळून एक फिकट कमान उमटली होती. त्यावर धूळ बसली होती, तरी कमान दिसत होती. तिनं शेजारची काच पुसली आणि ही तशीच ठेवली. बोर्डाचे स्क्रू तिनं येताना आणले होते. मग तिनं बोर्ड लावला.

पडद्यावर आकडा तीन होता. धुळीची काच शंभरात तीन कमी वीज देत होती.

त्यानंतर ती रोज सकाळी तो आकडा बघू लागली. दहाव्या दिवशी चार. तेराव्या दिवशी पाच. धूळ बसत होती आणि आकडा चढत होता, इमानदारीनं, एकेक दिवस मोजत. बाबांना जाऊन किती दिवस झाले हे आईला भिंतीवरच्या कॅलेंडरात बघावं लागायचं. लेकीला काचेवर दिसायचं. कधी कधी तिचं बोट काचेपर्यंत जायचं. एक फटकारा मारला असता तर सगळं पुन्हा शून्य झालं असतं. ती हात मागं घ्यायची.

माळावरच्या रांगाही मळत चालल्या होत्या. दोघं पोरं रोज पहाटे पाइप ओढायची आणि कुठंच पोचायची नाहीत. कड कोणीच पुसत नव्हतं. तिथं चिखलाची पट्टी वाळून घट्ट झाली होती, नखानं खरवडावी लागेल अशी.

विसाव्या दिवशी स्टोअरवाल्यानं तिला सांगितलं की ज्यांना कमी केलं त्यांचे गमबूट परत जमा करायचे आहेत, तुमच्या वडिलांचेही राहिलेत. तो चांगला माणूस होता, सांगताना अडखळला. मला नोंद करावी लागते हो, म्हणाला. दुसऱ्या दिवशी तिनं ते बूट घरून आणले. मागच्या सीटवर दोरीनं बांधले, जिथं बाबा बसायचे. डाव्याची टाच फाटलेली होती. आईनं रात्रीतून ते धुऊन, आतून कोरडे करून ठेवले होते.

ती बूट घेऊन कचेरीकडे चालली होती तेव्हा साहेब स्टँडपाशी उभे होते, हातात कागद. थोरलीही होती, तीही आपले बूट द्यायला आली होती, आणि अनवाणी उभी होती, कारण घरून येताना तेच घालून आली होती.

साहेबांनी विचारलं, हा आकडा कसा चढला. काल रात्री वरून फोन आला, प्रकल्पाची वीज घटते आहे, आणि इथं यंत्र आठ दाखवतं आहे. आधी दीड महिना एकच्या आसपास होता. मग त्यांनी स्वतःच उत्तर दिलं. गेले तीन आठवडे वारा जास्त आहे, नाही का? आपण तसं लिहू. वारा कमी होईपर्यंत थांबा म्हणतील. तू तंत्रज्ञ आहेस, तुझी सही लागेल. त्यांनी कागद पुढं केला, पेनही दिलं. आवाज मऊ होता. तिच्या दुःखाचा विचार करूनच ते सोपं करत होते, हे तिला दिसत होतं.

वारा. लिहायला दोन अक्षरं. वारा कोणाचं नाव सांगत नाही. वारा पडला की आकड्याचा विषय संपणार होता, आणि माळावर दोघंच पोरं राहणार होती, आणि थोरली अनवाणी घरी जाणार होती. बाबांनी काय केलं ते कोणालाच कळणार नव्हतं. आणि तिचं न बोलणंही.

तिच्या दोन्ही हातांत बूट होते. पेन घ्यायला हात रिकामा नव्हता.

"वारा तेवढाच आहे, साहेब," ती म्हणाली. "आधीचा आकडा चुकीचा होता."

"यंत्र बिघडलं होतं?"

"यंत्र बरोबर होतं. ही काच कोणीतरी रोज पुसत होतं. बोर्ड स्टोअरमध्ये पडला होता, तो मी लावला नव्हता. पुसताना मी डोळ्यांनी पाहिलं, तुम्ही नावं वाचली त्याच दिवशी सकाळी. दुपारपर्यंत माझ्याकडे वेळ होता. मी बोलले नाही."

साहेबांनी कागद खाली घेतला. थोरली हलली नाही.

"कोण पुसत होतं?" साहेबांनी विचारलं.

फाटकाच्या आत, तीन वर्षांत, तिनं तो शब्द कधी उच्चारला नव्हता.

"माझे बाबा," ती म्हणाली. "साहेब मला बोलतील म्हणून."

थोरलीच्या तोंडून एक आवाज निघाला, हसण्याचा की रडण्याचा ते कळलं नाही, आणि तिनं पदर तोंडावर घेतला. पलीकडच्या रांगेतून पाइपचं पाणी ठिबकत होतं. साहेब काही बोलणार होते. पण ती त्यांच्याकडे बघतच नव्हती. तिनं वाकून बूट स्टँडच्या पायाशी ठेवले, शेजारीशेजारी, चवडे काचांकडे करून, जसं कोणी तिथं कामाला उभं राहावं. एकवीस दिवसांची धूळ तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि धुळीखाली ती कमान.

"फरक पडत होता, बाबा," ती मोठ्यानं म्हणाली. "शंभरात आठ."